डॉक्टरकीचा पहिला धडा

तुमच्या गावातला एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी डॉक्टरकीच्या शिक्षणाला लागली, की गावात केवढा आनंद होतो! शाळेत सत्कार होतो. आईवडिलांच्या डोळ्यांना पाणी येते. मास्तर म्हणतात, "आमच्या हाताखालचं पोर!" मग एक दिवस ते पोर पेटी आणि वळकटी घेऊन शहराची गाडी पकडते. गावाची गोष्ट तिथे संपते, आणि पुढे पाच-साडेपाच वर्षांनी 'डॉक्टर' अशी पाटी दिसते तेव्हा पुन्हा सुरू होते. मधल्या पहिल्या दिवसाबद्दल मात्र आपण फारसे विचारत नाही. त्या दिवशी त्या पोराला काय पाहावे लागते? कोणाच्या मदतीने ते पहिले अक्षर गिरवते?

आज मला तुमच्याशी या पहिल्या धड्याविषयीच बोलायचे आहे. त्यासाठी पावणेदोनशे वर्षांहून थोडे अधिक मागे जावे लागेल. आपल्या मुलखातले पहिले मोठे वैद्यकीय महाविद्यालय मुंबईला भायखळ्यात उघडले, ते साल १८४५. त्या वर्षी दारात उभे राहिलेल्या विद्यार्थ्यांपुढे जे प्रश्न होते, ते आजच्या विद्यार्थ्यापुढेही निराळ्या रूपाने उभे असतात.

पण १८४५ च्या आधी आपल्याकडे रोगाला औषध नव्हते का? होते तर! वैद्य होते, हकीम होते, जडीबुटीवाले वैदू होते, हाडे बसवणारे होते, सुईणी होत्या. विद्या बापाकडून मुलाकडे, सासूकडून सुनेकडे, गुरूकडून शिष्याकडे जाई. सुश्रुताच्या ग्रंथात तर मृत शरीर गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे आणि मग एकेक थर सोलून आतली रचना डोळ्यांनी पाहावी, अशी रीत सांगितली आहे. म्हणजे प्रेत पाहून शिकण्याची कल्पना आपल्याकडे परकी नव्हती. पण मधल्या शेकडो वर्षांत ती रीत सुटली. विटाळाची भीती वाढली. प्रेताला शिवलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय घरात यायचा नाही, तिथे ते उघडून पाहण्याची गोष्ट कोण काढणार?

इंग्रज सरकारने मुंबईत पहिली वैद्यकशाळा काढली ती १८२६ साली. डॉ. मॅक्लेनन हे तिचे प्रमुख. पलटणीत आणि सरकारी दवाखान्यांत गोऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली मदतनीस पाहिजे होते, ते तयार करायचे हा तिचा हेतू. शिकवणे देशी भाषांतून होते, आणि त्यासाठी इंग्रजी पुस्तकांची भाषांतरे करावी लागत. पण सहा वर्षांतच सरकारला हा उद्योग निष्फळ वाटला आणि १८३२ साली शाळा बंद झाली. पुस्तके थोडी, प्रत्यक्ष पाहणे त्याहून थोडे, आणि शिकून मिळायचे ते दुय्यम काम. अशा विद्येचे झाड वाढणार कसे?

पुढे १८३५ साली सर रॉबर्ट ग्रँट मुंबईचे गव्हर्नर झाले. त्याच साली कलकत्त्याला वैद्यकीय महाविद्यालय निघाले होते, आणि दुसऱ्या वर्षी, १८३६ साली, तिथे एक गोष्ट घडली. मधुसूदन गुप्त नावाचे एक पंडित, वैद्यांच्या घराण्यातले, आयुर्वेद शिकवलेले. त्यांनी हातात सुरी घेऊन मानवी प्रेताचे विच्छेदन केले. ते पाहून विद्यार्थ्यांचे धैर्य वाढले. जुनी विद्या जाणणाऱ्यानेच नव्या विद्येचे दार उघडावे, यातले मर्म लक्षात घेण्यासारखे आहे.

मुंबईतही तसे महाविद्यालय व्हावे, असे ग्रँटसाहेबांच्या मनात होते. डॉ. चार्ल्स मोरहेड हे त्यांचे या कामातले सल्लागार. पण १८३८ च्या जुलै महिन्यात पुण्याजवळ दापोडीला ग्रँटसाहेब वारले. मुंबईच्या लोकांनी त्यांच्या स्मारकासाठी वर्गणी गोळा केली. पुतळा न उभारता हा पैसा वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा, असे ठरले. सरकारने भर घातली. शेजारी इस्पितळ पाहिजे, कारण रोग्यांवाचून डॉक्टर कसा शिकणार? त्यासाठी सर जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपये दिले. त्या काळचे लाख रुपये, बरे का! १८४३ साली दोन्ही इमारतींचे पाये घातले गेले. १८४५ च्या मे महिन्यात इस्पितळ सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ग्रँट महाविद्यालयात पहिले विद्यार्थी दाखल झाले. आज आपण ज्याला 'जे. जे.' म्हणतो, ते हेच ठिकाण.

आता त्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एकाच्या जागी स्वतःला उभे करून पाहा. तुम्ही हिंदू घरातले आहात. घरात सोवळेओवळे आहे. समोर तीन साहेब शिक्षक आहेत. मोरहेड औषधोपचार शिकवणार, डॉ. पीट शरीररचना आणि शस्त्रक्रिया, डॉ. जिरो रसायन आणि वनस्पती. सगळे शिकवणे इंग्रजीत. रोगी मात्र मराठी, गुजराती, हिंदुस्तानी बोलणारे. आणि शरीररचना नुसत्या चित्रांवरून शिकवली जाणार नाही. टेबलावर मृतदेह ठेवलेला असेल.

तेव्हा मृतदेह टिकवायला फॉर्मॅलिन नव्हते. ती रीत १८९० नंतरची. प्रेत दोन-चार दिवसांत खराब होई, म्हणून विच्छेदनाचे काम थंडीच्या महिन्यांत उरकण्याची तेव्हा सगळीकडे पद्धत होती. हातात रबरी मोजे नसत. जंतूंमुळे रोग होतात हे अजून कोणी सिद्ध केलेले नव्हते. अंगातला ताप मोजायला थर्मामीटर वापरण्याची सवय डॉक्टरांना लागली नव्हती. बेशुद्ध करून शस्त्रक्रिया करण्याची रीत जगालाच ठाऊक नव्हती. ईथरचा जाहीर प्रयोग अमेरिकेत झाला तो १८४६ साली, आणि क्लोरोफॉर्म आले १८४७ साली. म्हणजे हे विद्यार्थी शिकत असताना. पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया पाहायला उभे राहायचे, तर रोग्याच्या किंकाळ्या ऐकतच उभे राहावे लागे.

असे असूनही ते आले आणि टिकले. साडेपाच वर्षांनी, १८५१ साली, पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. त्यांत हिंदू होते, पारशी होते, ख्रिस्ती होते. एक होते भाऊ दाजी लाड, गोव्यातल्या पेडणे भागातल्या मांद्र्याचे. एल्फिन्स्टनमध्ये मास्तरकी करीत होते, ती सोडून पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर बसले. शिक्षकांनो, या गोष्टीचा अभिमान तुम्हाला वाटायला हरकत नाही! दुसरे आत्माराम पांडुरंग तर्खडकर. मराठी व्याकरण लिहिणाऱ्या दादोबांचे हे धाकटे बंधू. थोरल्या भावाने भाषेची रचना उलगडली, धाकट्याने शरीराची रचना अभ्यासली. तिसरे अनंत चंद्रोबा. देवीची लस टोचण्याच्या कामात त्यांचे नाव झाले. चौथे जुझे कामिलो लिस्बोआ, तेही गोव्याचे. त्यांनी पुढे मुंबई इलाख्यातल्या उपयोगी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला.

ही माणसे पुढे काय करती झाली, ते पाहिले म्हणजे पहिल्या धड्याची किंमत कळते. भाऊ दाजींनी आपले बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह गरिबांना फुकट औषध दिले. महारोगावर औषध शोधण्यासाठी झाडाच्या बियांच्या तेलाचे प्रयोग केले. जुने शिलालेख आणि नाणी वाचली. १८६९ साली ते मुंबईचे शेरीफ झाले. आत्माराम पांडुरंगांच्या पुढाकाराने १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन झाला. म्हणजे शरीर उघडून पाहण्याचे धैर्य ज्यांनी केले, त्यांनीच समाजही उघडून पाहण्याचे धैर्य केले. एकदा डोळ्यांनी पाहून खात्री करण्याची सवय लागली, की ती विच्छेदनाच्या खोलीपुरती राहत नाही.

या विद्येची दुसरी खोली म्हणजे इस्पितळातली खाट. मोरहेड एडिंबरोला शिकले आणि पुढे पॅरिसला गेले. तिथे लुई नावाचे डॉक्टर रोग्याच्या खाटेजवळ उभे राहून, एकेक लक्षण टिपून, रोगी दगावला तर आत काय बिघडले होते ते पाहून शिकवीत. तीच शिस्त मोरहेडांनी भायखळ्याला आणली. विद्यार्थ्याने रोज वॉर्डात जावे, रोग्याला विचारावे, त्याची नाडी पाहावी, छाती ऐकावी, आणि लिहून ठेवावे. हिंदुस्थानातल्या रोगांविषयी मोरहेडांनी १८५६ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो अशाच पाहणीवर उभा होता.

इथे भाषेचा प्रश्न आला. पुस्तक इंग्रजीत, पण रोगी म्हणतो, "छातीत कळ येते", "अंगात कणकण आहे", "पोटात मुरडा येतो", "डोकं ठणकतंय". कळ वेगळी, कणकण वेगळी, मुरडा वेगळा, ठणका वेगळा. हे शब्द साहेबाला कोण समजावून सांगणार? ते काम या विद्यार्थ्यांचे. इंग्रजी येत नाही म्हणून ज्याला आत प्रवेश मिळाला नसता, त्या माणसाची भाषा समजल्याशिवाय आत शिकणाऱ्याला रोग समजणार नव्हता. पुढे १८६० नंतर ग्रँट महाविद्यालयात मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्गही निघाले. त्यांतून दवाखान्यांचे मदतनीस तयार होऊन तालुक्यातालुक्यात गेले. पुढच्या काळात पुण्याच्या बी. जे. वैद्यकशाळेनेही हे काम चालवले. तीच शाळा १९४६ साली महाविद्यालय झाली.

मुलींचे काय? पहिली चाळीस वर्षे त्यांना हे दार बंदच होते. आणि त्याची किंमत बायकाच मोजत होत्या. पुरुष डॉक्टरापुढे बाईने आजार बोलून दाखवायचा नाही, अशी रीत. बाळंतपणात बाई अडली, तर घरातच तिचे काय व्हायचे ते होई. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या होत्या, तेव्हा त्यांचे दहा दिवसांचे मूल गेले. ते दुःख उराशी धरून त्या १८८३ साली समुद्र ओलांडून अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या, आणि बायकांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात नवी विद्यार्थिनी म्हणून उभ्या राहिल्या. वय अठरा, अंगावर लुगडे, बर्फाची थंडी, जेवण शाकाहारी. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांना पदवी मिळाली. पण क्षयाने त्या खंगल्या होत्या. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्याला त्यांचा अंत झाला. बावीसही पुरी झाली नव्हती. त्या निघाल्या त्याच सुमारास मुंबईत ग्रँट महाविद्यालयानेही मुलींना आत घ्यायला सुरुवात केली. आज वैद्यकीय महाविद्यालयाच्या वर्गात जाऊन पाहिले, तर मुली बाकांवर बरोबरीने बसलेल्या दिसतात.

श्रोतेहो, इथवर आपण शिकणाऱ्यांची गोष्ट ऐकली. आता ज्याच्याकडून ते शिकले, त्याच्याकडे वळू या. त्या टेबलावर कोण होते?

हा प्रश्न जरा अवघड आहे, पण तो टाळून चालणार नाही. मोरहेड तरुण होते त्याच सुमारास, १८२८ साली, त्यांच्या एडिंबरो गावात बर्क आणि हेअर नावाच्या दोघांनी सोळा माणसांचे खून पाडले. कशासाठी? तर शरीररचना शिकवणाऱ्या डॉक्टरला प्रेते विकण्यासाठी. मारलेली माणसे कोण होती? गरीब, भटकी, ज्यांची चौकशी करायला कोणी येणार नाही अशी. त्या प्रकरणानंतर १८३२ साली इंग्लंडात कायदा झाला आणि बेवारस प्रेते महाविद्यालयांना मिळू लागली. खून थांबले. पण टेबलावर आला तो गरीबच. आपल्याकडे १९४९ साली मुंबईचा शरीररचना कायदा झाला. इस्पितळात किंवा रस्त्यावर वारलेल्या ज्या माणसाला विचारायला कोणी आले नाही, त्याचा देह शिक्षणासाठी देता येईल, अशी त्यात व्यवस्था आहे.

म्हणजे पाहा, शहरात कामाला आलेला कोणी हमाल, कोणी भिकारी, कोणी घर सोडून आलेली म्हातारी. जिवंतपणी ज्याच्या औषधाला पैसा नव्हता, त्याच्या देहावर डॉक्टरांच्या किती पिढ्या शिकल्या! इस्पितळातल्या खाटेचेही तेच. घरी वैद्य बोलावण्याची ज्याची ऐपत, तो धर्मादाय इस्पितळात कशाला येईल? जो आला, त्याच्या छातीवर दहा विद्यार्थ्यांनी कान ठेवला, आणि त्याने तो ठेवू दिला. पहिला गुरू साहेब नव्हता आणि पुस्तकही नव्हते. तो हा नाव नसलेला माणूस होता.

हे ऋण कोणी फेडले का? काहींनी नक्कीच फेडले. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. मांडवी भागात ती ओळखली डॉ. अकासियु व्हिएगश यांनी. ग्रँट महाविद्यालयातच शिकलेले, गोव्याचेच. गरिबांच्या चाळींतून फिरणारा डॉक्टर होता, म्हणून रोग ओळखला गेला. त्याच महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेत हाफकिनसाहेबांनी प्लेगची लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली. दुसऱ्याच्या देहावर शिकलेली विद्या तपासायला शास्त्रज्ञाने स्वतःचा देह पुढे केला, हे विसरता येणार नाही.

पण दुसरी बाजूही आहे. विद्या शहरात वाढली आणि शहरातच राहिली. खेड्यातला रोगी शहरात जाऊन विद्यार्थ्यांना शिकवून येतो. शिकलेला डॉक्टर मात्र खेड्यात परत जात नाही, ही तक्रार जुनी आहे आणि खरी आहे. म्हणूनच वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय काढले, तेव्हा पहिल्या धड्याची जागाच बदलली. तिथे नवे विद्यार्थी आधी गांधीजींच्या आश्रमात राहतात, श्रमदान करतात, आणि मग पुस्तकाला हात लावतात. प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते आणि त्या गावातल्या घरांशी वर्षानुवर्षे नाते ठेवते. अलीकडे देशभरच्या अभ्यासक्रमातही विद्यार्थ्यांनी काही कुटुंबे दत्तक घ्यावीत, अशी योजना आली आहे. कागदावरची योजना किती उतरते, हे मात्र तुमच्याआमच्यावरही आहे. विद्यार्थी दारात आला, तर त्याला बसायला घोंगडी टाका आणि मोकळेपणाने बोला.

विच्छेदनाच्या खोलीतही बदल झाला आहे. पुष्कळ महाविद्यालयांत आता पहिल्या दिवशी नवे विद्यार्थी मृतदेहासमोर उभे राहून शपथ घेतात, की या देहाचा आम्ही मान राखू. काही ठिकाणी फुले वाहतात. आणि टेबलावर आता केवळ बेवारस देह येत नाही. आपणहून देहदान करणारी माणसे वाढली आहेत. त्यांत निवृत्त शिक्षक असतात, कामगार असतात, घर चालवणाऱ्या बायका असतात. मरणोत्तर देहदानाचा अर्ज भरून, घरच्यांना सांगून ठेवतात. ज्या विटाळाला भिऊन एके काळी विद्यार्थी दारातून मागे फिरले असते, तिथे आज माणसे स्वतःचा देह ठेवून जातात. समाज किती पुढे आला, ते मोजायला याहून चांगले माप मला तरी दिसत नाही.

तेव्हा शिक्षक मित्रांनो, तुमच्या शाळेतली मुलगी किंवा मुलगा वैद्यकाला निघाला, तर सत्कारात नारळ, शाल जरूर द्या. परीक्षा कठीण आहे, त्याने कष्ट केले आहेत. पण दोन गोष्टी त्याच्या कानात सांगा. एक, तुझी मायबोली विसरू नकोस; रोगी आपले दुखणे तिच्यातच सांगणार आहे. आणि दुसरी, पहिल्या दिवशी टेबलावर जो देह दिसेल, त्याला मनात नमस्कार कर. तो कोणाचा तरी बाप असेल, कोणाची आई असेल. त्याने तुला फी न घेता शिकवले. त्याची फी तुला पुढे द्यायची आहे, ती त्याला नाही. त्याच्यासारखा कोणी रात्री-अपरात्री तुझ्या दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसेल, त्याला.

आणि आईबापांनो, तुमचे पोर पहिल्या सुटीत घरी येईल, तेव्हा त्याला 'किती पगार मिळेल' हे लगेच विचारू नका. 'बाळ, पहिल्या दिवशी काय पाहिलंस?' असे विचारा. ते सांगू लागले, तर मधेच न बोलता ऐका. कदाचित जेवताना त्याचा घास अडेल. अडू द्या. १८४५ साली भायखळ्याला जे विद्यार्थी आले, त्यांचाही अडला असेल. तो घास ज्याला अडतो, त्याच्या हातून गरिबाची हेळसांड सहसा होत नाही.